तिसरा नंबर

१

शुभदाताई आयुष्यात कधी रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. पुणे-लोणावळा लाइनीवरच्या एका लहानशा स्टेशनात त्यांनी एकतीस वर्षं तिकीट खिडकी सांभाळली. रांग त्यांनी रोज पाहिली, पण आतून. त्यामुळे रांगेतल्या माणसाबद्दल त्यांना थोडी कीव वाटायची, आणि ती त्या लपवत नसत.

सकाळी खिडकी उघडायच्या आधीच बाहेर नंबर लागलेले असत. माणसं मात्र नसत, ती चहाला नाहीतर नळावर गेलेली. त्यांच्या जागी दगड, पिशवी, छत्री, एखादी चप्पल, असं सगळं ओळीनं मांडलेलं. आपल्याकडे हे चालतंच. रेशनच्या दुकानापुढे चालतं, टँकर यायच्या आधी चालतं. वस्तू ठेवली की माणूस उभा आहे असं धरायचं. शुभदाताईंना त्यातली मेख चांगली ठाऊक होती. आपल्या माणसाची पिशवी मध्येच घुसवायची असेल तर पहिली ठेवायची नाही, दुसरीही नाही, तिसरी ठेवायची. पहिल्या दोघांवर सगळ्यांचे डोळे असतात. तिसऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अशा किती मावश्या, माम्या आणि शेजारणी त्यांनी तिसऱ्या नंबरावर पार केल्या, याला गणती नाही.

एक तिकीट झालं की त्या अंगठीनं खिडकीच्या फळीवर दोनदा वाजवत. टक टक. की पुढचा आलाच. आणि जेवणाची वेळ झाली की फळी खाली. बाहेर कुणी कितीही बोंब मारो, खिडकी आतूनच बंद होते आणि आतूनच उघडते. बाहेरच्याला त्यात काही करता येत नाही.

निवृत्तीनंतर ही सगळी हुशारी त्यांनी फिरण्यात ओतली. किल्ले असोत, लेणी असोत, देवळं असोत, कुठेही जायचं पण गर्दीत नाही. कुठल्या वारी जायचं, कुठल्या बाजूनं चढायचं, सगळे जिथून सुरू करतात तिथं आपण शेवटी कसं पोचायचं, हे त्यांच्याकडून शिकायला घोरावाडीपासून लोणावळ्यापर्यंतच्या बायका मोबाइलवर मेसेज टाकत. ताई, या शनिवारी लोहगडाला गेलं तर चालेल का? ताईंचं उत्तर यायचं, "वेड लागलंय का? मंगळवारी जा."

त्यांचे यजमान आदिनाथ म्हणजे नेमकं उलटं पात्र. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. रांग दिसली की हा हसतमुखानं शेवटी जाऊन उभा राहणार, पुढच्या-मागच्याची चौकशी करणार आणि घरी येताना दोन नव्या ओळखी घेऊन येणार. ताईंनाही तो रांगेतच सापडला होता. शेजारच्या स्टेशनाचं तिकीट काढायला रोज यायचा आणि रोज कुणाला ना कुणाला पुढे जाऊ द्यायचा. "असला बावळट माणूस जगात एकटा राहिला तर त्याचं कसं व्हायचं, म्हणून लग्न केलं," असं ताई म्हणत. त्यात थोडं खरंही होतं.

सप्टेंबरात त्याच बावळट माणसाची छाती उघडून बायपास करावी लागली. आठ दिवस ताई दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यानं एकच मागणं केलं. "शुभा, भाज्याची लेणी बघायची आहेत. लग्नानंतर गेलो होतो तेव्हा शाळेची सहल होती, आठवतं? काहीच धड दिसलं नाही. एकदा शांत बसायचंय तिथं."

"बसवते," ताई म्हणाल्या. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन त्या भरपूर रडल्या, आणि तोंड धुऊन बाहेर आल्यावर डॉक्टरांना पायऱ्यांचं विचारून घेतलं.

२

डॉक्टरांनी जानेवारीत परवानगी दिली, आणि नेमकी सव्वीस तारखेला जोडून सुट्टी आली. पण हा मनुष्य थांबेना. मग ताईंनी मनावर घेतलं. सकाळच्या लोकलनं ती दोघं मळवलीला उतरली तेव्हा धुकं जमिनीवरच होतं. पुलावरून पलीकडे आल्यावर गावाच्या टोकाला नंदाबाईंची चहाची टपरी लागते. ताई तिथल्या जुन्या गिऱ्हाईक.

"एवढ्या लवकर, ताई?" नंदाबाईंनी स्टोव्ह पेटवता पेटवता विचारलं.

"नऊला इथं मुंगीला शिरायला जागा नसेल. आम्ही मागच्या वाटेनं जाऊन खाली येऊसुद्धा."

"मागची वाट? तिकडनं आमची शेरडंबी आता जात न्हाईत."

"मग तर बरंच झालं."

घरातून म्हाताऱ्या माणसाचं ओरडणं ऐकू आलं. नंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "सासरं माजं. भिमाजीआबा. आठ दिस झालं, काठी हारपली बगा त्यांची. हिरवी चिकटपट्टी गुंडाळल्याली. तवापासनं हातरून धरलंय आनि एकच घोकत्यात, माजी काठी कुटं हाय, माजी काठी कुनी न्हेली. नवी आणून दिली तर फेकून दिली."

"काठीवाचून अडतं हो म्हाताऱ्या माणसाचं," आदिनाथ म्हणाला. तो उठून आत गेला, आबांशी पाच मिनिटं बोलून आला. ताईंनी घड्याळ पाहिलं. हा माणूस वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसणार, म्हणून त्यांनी पंधरा मिनिटं हाताशी राखूनच ठेवली होती.

३

मागची वाट टपरीच्या मागून निघते आणि वाळलेल्या गवतातून लेण्यांच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडी स्तूपांच्या पलीकडे पोचते. तिकीट त्या उतरताना काढत. फुकट त्या कुठं जात नव्हत्या, फक्त थांबत नव्हत्या.

आदिनाथ पन्नास पावलं चालायचा आणि थांबायचा. ताई त्याच्या मागेच होत्या, त्याला कळणार नाही असा हात त्याच्या पाठीशी धरून. अर्ध्यावर एका जांभळीखाली त्याला घाम आला. त्यानं माकडटोपी काढून ताईंकडे दिली.

"तू पुढं जाऊन वाट बघून ये. मी इथं बसतो. आणि माझ्या पाठीमागचा हात काढ, मी काय पडत नाही."

ताई हसल्या आणि पुढे गेल्या. वळणावर डाव्या हाताला, वाटेपासून दहा-बारा पावलांवर त्यांना काहीतरी हिरवं दिसलं. काठी होती. हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली.

त्या जवळ गेल्या. कड्यात एक लहानशी खोली कोरलेली होती. इतक्या वेळा या वाटेनं येऊन ती त्यांच्या नजरेला कशी पडली नव्हती, कोण जाणे. समोर कमरेएवढ्या उंचीवर चौकोनी भोक आणि त्यावर लाकडी फळी. फळी बंद होती. बाजूला वाकून जाता येईल असं एक बुटकं दार. आणि त्या फळीच्या खालून, कड्याला धरून, वस्तूंची एक ओळ.

पहिली काठी. दुसरं निळं हेल्मेट. तिसरी गुलाबी सँडल, तीन-चार वर्षांच्या पोरीची असावी. मग चष्म्याचं घर, स्टीलचा डबा, रेक्झिनची पिशवी. सगळ्यांत सारखं अंतर. मोजायची सवयच ती, ताईंनी मोजून घेतलं. अकरा.

आता कुणालाही वाटेल की माणूस इथं दचकला असेल. ताई मुळीच दचकल्या नाहीत. त्यांना आनंद झाला. नंबर लागलेत म्हणजे वर काहीतरी नवीन उघडलंय. आत थोडी थोडी माणसं सोडत असणार. बाकीचे नंबर लावून पोहे खायला गेलेत, आणि आबांची काठी कुणातरी टग्यानं पळवून नंबराला ठेवलीय. उतरताना ती परत द्यायची. आणि हेल्मेट? ते कुणी विसरतं का, नंबरालाच ठेवलेलं. सगळं कसं अगदी नीट लागत होतं.

हातात टोपी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हेल्मेट आणि गुलाबी सँडल यांच्यामध्ये ती ठेवली आणि मागच्या वस्तू पायानं थोड्या मागे सरकवल्या. तिसरा नंबर. आपल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणजे नाही.

४

चैत्यगृहात त्या दोघांखेरीज कुणी नव्हतं. वर लाकडाच्या कमानी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. खांब किंचित आत झुकलेले. आदिनाथ भिंतीला टेकून खाली बसला आणि वरच्या कमानी बघत राहिला. ताई त्याच्याकडेच बघत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर सप्टेंबरनंतर पहिल्यांदा रंग आला होता. छान वाटलं त्यांना. अगदी भरून आलं.

"केलंस बाई तू," तो म्हणाला. "एक माणूस नाही."

"मग? सांगितलं होतं ना."

"कान गार पडले. माझी टोपी?"

ताईंनी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. नवीन खोली, नंबर, तिसरी जागा. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाच्या पुढं ठेवलीस?"

"असेल कुणीतरी. बारकी सँडल होती."

"शुभा, लहान पोरीच्या पुढं? जा, शेवटी ठेवून ये. मला काय घाई आहे?"

"बरं बाई, ठेवते."

तेवढ्यात आवाज आला. टक टक. लाकडावर धातू वाजवल्याचा, कोरडा, दोनदा.

आदिनाथ हसला. "ती बघ, तुझी खिडकी."

ताईंनी वर पाहिलं. ऊन चढलं की लाकूड प्रसरण पावतं, आवाज होतो. हे त्यांनी त्याला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. पण कड्याच्या या बाजूला अजून ऊन आलेलं नव्हतं. आणि दोन ठोक्यांच्या मधलं अंतर त्यांच्या ओळखीचं होतं. लाकडाला ते कुठून माहीत असणार? असो. अंगठ्या काय जगात एकीकडेच असतात?

५

टोपी मागे ठेवायची म्हणून त्या एकट्या परत गेल्या. वस्तू तिथंच होत्या, पण काठी नव्हती.

पहिलं हेल्मेट. दुसरी टोपी. तिसरी गुलाबी सँडल. सगळं एकेक जागा पुढे सरकलेलं, अंतर पहिल्यासारखंच सारखं. वाटेवर धूळ होती आणि तिच्यात दोघांचीच पावलं होती, त्यांची आणि आदिनाथची.

काठी नेणारा कड्याच्या वरच्या अंगानं आला असेल. जाताना सगळं नीट लावून गेला. काही माणसं असतात अशी टापटिपीची. खोलीची फळी मात्र आता तळाशी बोटभर उघडी होती. आतून गार हवा येत होती, बंद कपाटाच्या वासाची.

त्यांनी टोपीला हात घातला आणि थांबल्या. दुसरा नंबर आला होता. दुसरा! एकतीस वर्षांत त्यांनी हजारो माणसं बघितली, पण हाताशी आलेला नंबर सोडून मागे जाणारा एकच बघितला होता, आणि त्याच्याशी त्यांनी लग्न केलं होतं. त्याचं ऐकत बसलं असतं तर बायपासचीसुद्धा तारीख मिळाली नसती.

"ठेवली मागे," परत येऊन त्या म्हणाल्या.

खोटं बोलताना त्यांना काही वाटलं नाही. चांगल्यासाठीच होतं ते.

६

उतरताना आदिनाथच्या गुडघ्यांसाठी त्यांनी पुढच्या पायऱ्या धरल्या. खालून गर्दीचा लोंढा येत होता, आणि त्याच्या उलट्या दिशेनं, आपलं बघून झाल्यावर उतरण्यात जी मजा असते ती ताईंनी पुरेपूर घेतली. तिकिटाच्या खिडकीशी रांग रस्त्यापर्यंत गेलेली. "बघा हो बघा," त्या म्हणाल्या. "तिकीट आता सगळं बघून झाल्यावरच काढू." खोली उघडायला अवकाश होता. चहा घेऊन, गर्दी पांगली की परत मागच्या वाटेनं जायचं, असा बेत होता.

टपरीवर चहा नव्हता. स्टोव्ह विझलेला, आणि दारात बायका जमलेल्या. नंदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"गेलं आबा," त्या म्हणाल्या. "तुमी गेला आनि घटकाभरानं. एकदम उठून बसलं बगा. म्हनलं, आला माजा नंबर, काठी द्या. आनि मान टाकली."

आदिनाथ त्यांच्याजवळ खाली बसला.

"काठी मिळाली ना पण?" ताईंनी विचारलं. प्रश्न त्या वेळेला शोभणारा नव्हता, हे त्यांना कळत होतं.

"कुटली काठी? न्हाई ओ. आता सरनावर ठेवायलाबी न्हाई."

"कुणी वरून आणली नाही? मागच्या वाटेवरून?"

"तिकडं कोन जातंय, ताई?"

ताईंनी मनाशी हिशेब लावला. म्हातारा माणूस, नव्वदीला टेकलेला, आठ दिवस अंथरुणात. कधी ना कधी जाणारच होता. काठी वरून दरीत घसरली असेल. वस्तू उतारावर होत्या, आपोआप सरकल्या असतील. सारख्या अंतरानं? बरं, सारख्या अंतरानं. योगायोग म्हणून काही असतो की नाही?

मग आदिनाथनं डाव्या हातानं छाती चोळली. सहज, थंडीनं चोळावी तशी.

"काय होतंय?" ताईंचा आवाज चिरकला.

"काही नाही. जरा गार वाटतंय."

"इथून हलू नका," त्या म्हणाल्या. "टोपी आणते."

७

मागच्या वाटेच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती आणि शिट्टी घेऊन पहाऱ्याचा आकाश उभा होता. ताई त्याला ओळखत, त्याच्या आईलाही ओळखत.

"इकडून नाही, मावशी. कुणीतरी धूर केला, आग्या मोहोळ उठलंय. बघा वर."

वर कड्याच्या तोंडाशी काळा ढग फिरत होता. "अरे, मला दोन मिनिटांचं काम आहे."

"मरायचंय का? पुढून जा. चैत्याच्या अंगानं वाट मोकळी आहे."

पुढून म्हणजे रांग. शुभदाताई धावतच खिडकीशी गेल्या आणि सवयीनं सरळ पुढे घुसल्या.

"ओ काकू! रांग दिसत नाही का?"

"माझा माणूस..." त्या म्हणाल्या. पुढे काय सांगणार? माझ्या माणसाची टोपी दुसऱ्या नंबरावर आहे, असं?

"सगळ्यांचीच माणसं आहेत. मागं जा."

कुणी हसलं, कुणी मोबाइल त्यांच्याकडे धरला. ज्या बाईनं एकतीस वर्षं रांगेला डोळ्यानं गप्प केलं होतं, ती मागे जाऊन शेवटी उभी राहिली. पुढे एक कुटुंब होतं, मागे कॉलेजची पोरं. रांग पाऊलभर सरकायची आणि थांबायची. रांगेत उभं राहिल्यावर वेळ कसा जातो, हे ताईंना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या पायांत गोळे आले. देवा, त्यांनी मनात म्हटलं, एवढ्या वेळा मी फळी टाकून जेवायला गेले, तेव्हा ही माणसं अशीच उभी होती?

दूर एक्सप्रेस-वेच्या बाजूनं ॲम्ब्युलन्सचा आवाज आला आणि वाढत गेला.

"पुलाजवळ बाइक घसरली म्हणे," मागचा एक पोरगा मोबाइलमध्ये बघून म्हणाला. "जागेवर गेला रे. हेल्मेट हरवलं होतं म्हणून कालपासून तसाच फिरत होता."

ताईंनी मागे वळून त्याचा दंड धरला. "कुठल्या रंगाचं?"

"काय?"

"हेल्मेट! कुठल्या रंगाचं होतं?"

पोरगा घाबरला. "मला काय माहीत, काकू?"

पण ताईंना माहीत होतं. त्या रांगेतून बाहेर पडल्या आणि पायऱ्या चढायला लागल्या. पहारेकरी ओरडला, लोक ओरडले. या खेपेला त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

८

टोपी पहिली होती.

तिच्यामागे गुलाबी सँडल, मग चष्म्याचं घर, मग डबा. वस्तू आता अकरा नव्हत्या. ओळ वळणापलीकडे गेलेली होती आणि शेवट दिसत नव्हता. फळी हातभर वर उचललेली. पलीकडे काळोख, आणि त्या काळोखात फळीच्या कडेवर टेकलेली चार बोटं. वाट बघणाऱ्या माणसाची बोटं असतात तशी, सैल. एका बोटात काहीतरी चमकत होतं.

टक टक.

ताईंनी झडप घालून टोपी उचलली आणि पोटाशी धरली. सुटलो, असं त्यांना एक क्षण वाटलं. मग खाली पाहिलं. टोपीच्या जागी गुलाबी सँडल होती. ती सरकताना दिसली नव्हती. ती पहिली होती, एवढंच. तिचा बंद एका बाजूनं चावलेला होता, लहान पोरं चावतात तसा.

खालून गर्दीतून एका लहान मुलीचा आवाज आला. "आई, माझी दुसरी सँडल कुठंय गं?" आणि आईचा, वैतागलेला, "एक पाय उघडा घेऊन कुठवर नाचणारेस? चल वर."

टक टक. यावेळी जरा जोरात.

ताईंनी टोपी पुन्हा खाली ठेवली. सँडल मागे गेली होती. टोपी उचलली, सँडल पुढे आली. टोपी मागं ठेव म्हणून सांगितलं होतं आदिनाथनं. लहान पोरीच्या पुढं, शुभा? आता टोपी न्यावी तर पोर जाते आणि ठेवावी तर तो जातो, आणि तो असता तर त्यानं काय केलं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यानं हसून टोपी तिथंच ठेवली असती.

"बावळट," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग शुभदाताईंनी नाक पुसलं, पदर खोचला आणि डोकं चालवलं. खिडकीशी हुज्जत घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. बाहेरच्याला खिडकी बंद करता येत नाही. ती आतूनच बंद होते. आणि खिडकीच्या आत जायला रांगेत उभं राहावं लागत नाही, बाजूला दार असतं. एकतीस वर्षं त्या दारानंच तर गेल्या होत्या.

बुटक्या दारापाशी त्यांनी चपला काढल्या, टोपी त्यांच्यावर नीट घडी करून ठेवली आणि वाकून आत शिरल्या.

आत एक दगडी बैठक होती, मधोमध झिजलेली. तिच्यावरून कुणीतरी उठलं. चेहरा त्यांनी पाहिला नाही, पाहायचा नाही असं ठरवूनच त्या आल्या होत्या. ड्यूटी बदलताना अरुंद जागेत होतो तसा खांद्याला खांदा लागला, थंडगार, आणि कुणीतरी सुटकेचा श्वास सोडून दाराबाहेर गेलं. पावलं वाजली नाहीत. बैठक मात्र गरम होती.

ताई बसल्या. समोर चौकोनात ऊन, आणि त्या उन्हात ओळीनं उभी असलेली माणसं. आता वस्तू नव्हत्या, माणसं होती, क्षणभरच दिसली. पुढे एक पोर, एका पायात सँडल, आईचं बोट धरायला हात वर केलेला.

"खिडकी बंद," शुभदाताई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी फळी खाली ओढली.

अंधार झाला. बाहेर गलका झाला, मग कुरकुर, मग गप्प. ताईंना बरं वाटलं. बोंबला म्हणावं. बारा वाजू देत, चार वाजू देत, ही फळी काही वर जायची नाही. आपण आहोत ना इथं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फळीच्या पलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला. पायऱ्या चढून दमलेला, पण ठणठणीत.

"सापडली बाबा टोपी," आदिनाथ कुणाला तरी म्हणाला. "चपलाही इथंच आहेत हिच्या."

"आजोबा, ही खिडकी कधी उघडणार?" एका लहान मुलीनं विचारलं.

"उघडेल की. आमची ही आतच आहे. तू माझ्या पुढं उभी राहा, बाळ. मला काही घाई नाही."

शुभदाताईंनी तोंड उघडलं, त्याला हाक मारायला, पोरीला घेऊन जा म्हणून सांगायला. आवाज फुटला नाही. उलट त्यांना जाणवलं की उजवा हात फळीकडे निघालाय. एकतीस वर्षांची सवय. बोट वाकलेलं, अंगठी लाकडापासून दोन बोटांवर.

त्यांनी तो हात डाव्या हातानं पकडला, मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर सगळं अंग टाकून घट्ट बसल्या.